बटणाने दिलेला शब्द

‘अर्ज पूर्ण भरला होता. पाठवण्याचे बटण मात्र शेवटपर्यंत सापडले नाही.’

रांचीहून आलेल्या त्या ई-पत्राचा आशय एवढाच होता. पत्र हिंदीत होते आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता. मुदत आदल्या रात्री बारा वाजता संपली होती. भोपाळमधील एका महाविद्यालयाने उन्हाळ्यात विज्ञान शिबिर योजले होते. पत्र लिहिणारा भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होता. पत्र वाचणारी संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी होती. शिबिराच्या नोंदणीचे पान तिने एकटीने तयार केले होते, आणि त्या पानावरचे तिचे सर्वांत आवडते काम म्हणजे नेमके तेच बटण.

तिने ते दोन संध्याकाळी खर्चून घडवले होते. केशरी पार्श्वभूमी, तिच्यावर पांढरी अक्षरे, गोलावलेले कोपरे, खाली मंद सावली. माउसचा बाण वर आला की बटण किंचित उचलल्यासारखे दिसे आणि डावीकडून उजवीकडे एक चमक सरकत जाई. अक्षरांमध्ये थोडे अंतर सोडले होते, कारण इंग्रजी संकेतस्थळांवर तसे तिला भारदस्त वाटले होते. मैत्रिणींनी कौतुक केले. त्यांपैकी एकीने पानावर कधीतरी उमटणारी निळी रेघ ‘विद्रूप’ दिसते असे म्हटले, तेव्हा तिने सीएसएसमध्ये एक ओळ लिहून ती रेघही काढून टाकली. ‘आउटलाइन: नन.’ दोन शब्दांची ओळ.

असे बटण न सापडणे तिला अशक्य वाटले. इंटरनेट खंडित झाले असेल, असे मनाशी धरून तिने पत्रातल्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलाने शांतपणे सांगितले की त्याला दिसत नाही. तो एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत प्रोग्राम वापरतो. नाव, पत्ता, गुणपत्रिका सगळे त्याने भरले. शेवटच्या रकान्यानंतर टॅब कळ दाबली, तर थेट तळाच्या संपर्काच्या दुव्यावर उडी गेली. एनव्हीडीएमध्ये ‘बी’ ही कळ दाबली की पुढच्या बटणावर जाता येते. ती दाबल्यावर पुढे बटण नाही, असे उत्तर मिळाले. ओळीओळीने वाचत गेल्यावर ‘आवेदन भेजें’ हे दोन शब्द त्याच्या कानी पडले होते, पण ते त्याला पुढच्या एखाद्या विभागाचे शीर्षक वाटले.

‘मॅडम, एक करा,’ तो म्हणाला. ‘माउस काढून ठेवा आणि तुमचाच अर्ज भरून बघा.’

तिने माउस काढला, लॅपटॉपच्या स्पर्शपट्टीवर वही ठेवली आणि टॅब कळ दाबायला सुरुवात केली. चौथ्या मिनिटाला ती स्वतःच्याच पानावर हरवली होती.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने करून पाहावा असा हा प्रयोग आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही आणि त्याचे निष्कर्ष लगेच मिळतात. तिला त्या रात्री एकामागून एक पाच निष्कर्ष मिळाले.

पहिला निष्कर्ष सर्वांत मोठा होता: तिचे बटण बटण नव्हतेच. एचटीएमएलमध्ये बटणासाठी ‘बटन’ नावाचा स्वतंत्र घटक आहे. तिने तो वापरला नव्हता, कारण ब्राउझर त्याला आपले करडे रूप देतो आणि ते पुसत बसणे तिला कटकटीचे वाटले. त्याऐवजी तिने ‘डिव्ह’ हा निव्वळ चौकटीचा घटक घेतला, सीएसएसने त्याला बटणाचा पोशाख चढवला आणि क्लिक केल्यावर अर्ज जाईल अशी सोय जोडली. डोळ्यांना दोहोंत फरक दिसत नाही. पण ब्राउझर प्रत्येक पानाची दोन रूपे तयार करत असतो. एक पडद्यावर रंगवण्यासाठी, दुसरे सहायक साधनांना सांगण्यासाठी. या दुसऱ्या रूपात प्रत्येक वस्तूचे नाव, तिची भूमिका आणि तिची सध्याची स्थिती नोंदलेली असते. खऱ्या बटणाची तिथे ‘बटण’ अशी नोंद होते, टॅब कळ त्याच्यापाशी थांबते, एंटर किंवा स्पेस दाबली की ते चालते. सजवलेल्या डिव्हच्या बाबतीत यांतले काहीच आपोआप घडत नाही. सीएसएस रूप देते, भूमिका देत नाही. रांचीच्या विद्यार्थ्याला शब्द ऐकू आले, पण ते दाबता येतात हे त्याला सांगणारे कोणी नव्हते.

दुसरा निष्कर्ष त्या काढून टाकलेल्या रेघेचा. तिने डिव्हच्या जागी खरे बटण ठेवले, तरीही टॅब दाबत जाताना आपण पानावर कुठे आहोत हे तिला कळेना. ती निळी रेघ म्हणजे कळफलकाने वावरणाऱ्याचा बाण असतो. हात थरथरतात म्हणून माउस धरता न येणारे, मनगटाच्या दुखण्यामुळे तो टाळणारे, एकाच कळीवर सगळे काम भागवणारे, अशा अनेकांना दिसते पण बाण हलवता येत नाही. त्यांच्यासाठी ती रेघ पुसणे म्हणजे माउस वापरणाऱ्याच्या पडद्यावरचा बाण अदृश्य करणे. माउसने क्लिक केल्यावरही ती रेघ उमटते, ही तिच्या मैत्रिणीची हरकत तशी गैर नव्हती. त्यावर सीएसएसकडेच उत्तर आहे. ‘फोकस-व्हिजिबल’ ही निवडक खूण वापरली की रेघेची गरज आहे का, याचा अंदाज ब्राउझर घेतो. बटणावर कळफलकाने पोहोचल्यास ती दिसते, माउसने दाबल्यास सहसा दिसत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये सफारीनेही ही खूण स्वीकारल्यापासून सर्व प्रमुख ब्राउझरांत ती चालते. सुंदरता आणि सोय यांत निवड करण्याची वेळ इथे मुळात येतच नव्हती.

तिने आधी रेघेऐवजी बटणाभोवती सावलीचे वलय दिले. ते देखणे दिसले. मग विंडोजमधील ठळक रंगांची व्यवस्था चालू करून पाहिले, तर वलय नाहीसे झाले. त्या व्यवस्थेत ब्राउझर लेखकाचे रंग बाजूला ठेवून वापरकर्त्याचे रंग लावतो आणि सावल्या काढून टाकतो, आउटलाइन मात्र राखतो. तेव्हा आउटलाइनच परत आली: तीन पिक्सेल जाड, बटणापासून दोन पिक्सेल दूर.

तिसरा निष्कर्ष रंगाचा. याचा इशारा खरे तर आधीच मिळाला होता. शिबिराचे संयोजक असलेले ज्येष्ठ प्राध्यापक महाविद्यालयाच्या अंगणात, एप्रिलच्या उन्हात मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन विचारत होते, ‘बेटा, यावर काही लिहिले आहे का?’ तिने ते त्यांच्या मोतीबिंदूवर ढकलले होते. आता तिने गणित मांडले. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या तेजाचे गुणोत्तर काढण्याचे सूत्र ठरलेले आहे. आधी लाल, हिरव्या, निळ्याची पडद्यासाठी वाकवलेली मूल्ये सरळ करायची, मग लालाला ०.२१२६, हिरव्याला ०.७१५२ आणि निळ्याला ०.०७२२ असे वजन द्यायचे, कारण माणसाच्या डोळ्याला तेजाची जाणीव सर्वाधिक हिरव्यातून होते. आलेल्या दोन्ही तेजांत ०.०५ मिळवून मोठ्याला लहानाने भागायचे. उत्तर १ ते २१ यांच्या दरम्यान येते. साध्या आकाराच्या मजकुरासाठी जागतिक मार्गदर्शक तत्त्वांची किमान मागणी ४.५ ची आहे.

तिचा केशरी रंग होता लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. त्यावर पांढऱ्या अक्षरांचे गुणोत्तर आले २.१३. किमान मागणीच्या निम्मेही नाही. त्याच केशरीवर काळी अक्षरे ठेवली तर ९.८६. दोष प्राध्यापकांच्या डोळ्यांत नव्हता. पांढऱ्या कागदावर करडी अक्षरे ठेवण्याच्या सध्याच्या हौसेलाही याच सूत्राने सीमा घालता येते: तिन्ही रंग ११८ असलेला करडा ४.५४ मिळवून उत्तीर्ण होतो, ११९ असलेला ४.४८ वर अडतो. नजरेला या दोन करड्यांत फरक जाणवत नाही. कुठेतरी रेघ आखावी लागते, आणि ती कुठे आखली आहे हे माहीत असणे बरे.

चौथा निष्कर्ष लिपीचा, आणि तो तिला सर्वांत लागला, कारण ती लिपी तिची स्वतःची होती. बटणावरची सरकती चमक कडेबाहेर जाऊ नये म्हणून तिने बाहेर येणारे सगळे कापले जाईल असा नियम लिहिला होता. बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधून टाकली होती आणि ओळीची उंची अक्षराइतकीच ठेवली होती. रोमन अक्षरांना हे चालून जाते. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार यांचा एक मजला असतो, आणि उकार-ऊकारांचा एक मजला खाली. तिच्या लॅपटॉपवरच्या टंकात ‘भेजें’ नीट बसत होते. वर्गातल्या एका जुन्या मोबाइलवर टंक वेगळा निघाला, वरचा मजला कापला गेला आणि अनुस्वार गेला. उरले ते ‘आवेदन भेजे’. आज्ञार्थाचे व्याकरणच बदलले. अक्षरांमध्ये सोडलेल्या अंतराने शिरोरेषा तुटली होती, ती वेगळीच. इंग्रजी बटणाला भारदस्त करणारी दुसरी युक्ती, म्हणजे सगळी मोठी लिपी, तिथे तर देवनागरीला मोठी-लहान लिपीच नाही.

उपाय साधा होता. उंची आणि रुंदी बांधायची नाही. आतील मोकळी जागा ‘ईएम’ या अक्षराच्या आकारावर बेतलेल्या मापात द्यायची, ओळीची उंची दीडपटीच्या आसपास ठेवायची आणि बटणाला मजकुराप्रमाणे वाढू द्यायचे. एकाच बटणावर एखाद्या भाषेत एक शब्द बसतो, दुसरीत तीन लागतात. भारतासारख्या देशात बटणाला आपली रुंदी आधी ठरवून चालत नाही.

पाचवा निष्कर्ष अवस्थांचा. बटण ही एक वस्तू नसून अवस्थांची मालिका आहे: स्वस्थ, बाण वर आलेले, कळफलकाने पोहोचलेले, दाबलेले, काम चालू असलेले, बंद. तिने पहिल्या दोनच रंगवल्या होत्या. दाबल्याची अवस्था लिहिली होती खरी, पण ती कधी दिसलीच नाही. सारख्या वजनाचे दोन नियम एकाच वस्तूला लागू होतात तेव्हा सीएसएसमध्ये शेवटी लिहिलेला जिंकतो. माउसने दाबलेले बटण हे बाण वर असलेलेही असतेच, आणि तिने ‘होव्हर’चा नियम ‘अ‍ॅक्टिव्ह’च्या नंतर लिहिला होता. दोन ओळींची अदलाबदल केल्यावर बटण प्रथमच दबले.

बोटाने वापरायच्या पडद्यावर तर होव्हर नावाची अवस्था खऱ्या अर्थाने नाहीच. बोट उचलल्यावरही तो रंग तसाच चिकटून राहतो आणि बटण दाबलेलेच आहे असा भास होतो. म्हणून होव्हरची सजावट, ज्या साधनावर होव्हर शक्य आहे तिथेच लागू होईल, अशा अटीत ठेवावी लागते. चमक सरकण्यालाही अशीच अट आहे: ज्यांनी आपल्या यंत्रात हालचाल कमी करण्याची निवड केली आहे, त्यांच्यापुढे ती सरकू नये. काहींना अशा हालचालींनी खरोखर गरगरते.

काम चालू असल्याची अवस्था तिने विचारातच घेतली नव्हती. दाबल्यावर साधारण ०.१ सेकंदाच्या आत काही बदलले तर माणसाला ते तत्काळ वाटते, हा संशोधकांचा आडाखा १९६८ पासूनचा आहे. तिच्या पानावर मोठी गुणपत्रिका चढताना अनेक सेकंद काहीच हलत नसे. नोंदवहीत काही अर्ज दोनदा-तीनदा आले होते. ती त्याला अर्जदारांचा उतावीळपणा समजली होती. बटण गप्प राहिले, म्हणून माणसांनी पुन्हा विचारले, एवढाच त्याचा अर्थ होता.

हे सगळे एका विद्यार्थिनीच्या वहीपुरते राहिले असते तर गोष्ट इथेच संपती. पण बटण आता दारासारखे झाले आहे. परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती, रुग्णालयाची वेळ, बँकेची ओळखपडताळणी, सगळ्यांच्या शेवटी एक बटण असते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती आहेत, त्यांपैकी ५० लाखांहून अधिक दृष्टीशी संबंधित. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. शासकीय संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती आणि भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे मानक, दोन्ही उपलब्ध आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या रूपात ठेवणे कायद्याशी विसंगत ठरवले आणि बंधनकारक नियम करण्यास सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालाने आणखी एक पाऊल टाकले. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन याचिकाकर्त्यांना बँकांची डिजिटल ओळखपडताळणी पार करता येत नव्हती. डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. ‘आउटलाइन: नन’ या ओळीचा आणि कलम २१ चा संबंध तिला त्या रात्रीपूर्वी कोणी सांगितला असता तर ती हसली असती.

याच साधनांची दुसरी बाजूही आहे. तिच्या हातून अज्ञानाने जे झाले, ते काही ठिकाणी ठरवून केले जाते. ‘स्वीकारा’ ठसठशीत आणि ‘नको’ फिकट करडे, रद्द करण्याचा दुवा न दिसेल इतका बारीक. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रचना नमूद करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. पानाच्या मांडणीतून काही माहिती ठळक आणि काही धूसर करून ग्राहकाला वळवणे हा त्यांतलाच एक प्रकार. रंग, आकार आणि जागा यांत नैतिकता नसते असे मानणाऱ्यांना ही यादी एकदा वाचावी लागेल.

सीएसएसच्या जन्मकथेत मात्र हा विचार आधीपासून आहे. १० ऑक्टोबर १९९४ रोजी सर्नमध्ये काम करणाऱ्या होकॉन व्यूम ली यांनी शैलीपत्रकांचा पहिला प्रस्ताव मांडला, तेव्हा त्यात लेखकाबरोबर वाचकाच्याही पसंतीला स्थान होते. एखाद्या नियमाचा आग्रह किती टक्के आहे हेही लिहिता यावे, अशी कल्पना होती. ती टक्केवारी पुढे टिकली नाही, पण नावातला ‘कॅस्केडिंग’ हा शब्द टिकला: अनेक उगमांतून नियम येतात आणि त्यांच्या मेळातून पान घडते. पान एकट्या लेखकाचे नसते, हे त्या नावातच लिहिलेले आहे.

पहाटे चारच्या सुमारास नवे बटण तयार झाले. खरे ‘बटन’, केशरीच, पण काळ्या अक्षरांचे. कळफलकाने पोहोचताच ठळक रेघ, दाबताच ‘आवेदन भेजा जा रहा है’ हा मजकूर, अनुस्वार शाबूत. चमक तिने काढून टाकली. दिसायला ते पहिल्याहून साधे होते.

सकाळी तिने प्राध्यापकांना सगळे सांगितले, आपली चूक आहे हेही सांगितले. त्यांनी मुदत दोन दिवसांनी वाढवली. रांचीच्या विद्यार्थ्याने त्या दुपारी अर्ज पाठवला आणि एका ओळीचे उत्तर लिहिले: ‘बटण सापडले.’

तिला तेवढ्यावर सुटल्यासारखे वाटायला हवे होते. पण संध्याकाळी तिने सर्व्हरची नोंदवही उघडली. काही जणांनी पान उघडून, बराच वेळ तिथे थांबून, अर्ज न पाठवताच ते बंद केले होते. त्यांतल्या कुणाचे मन बदलले असेल, कुणाकडे गुणपत्रिका नसेल, कुणाला जेवायला हाक आली असेल. आणि कुणी टॅब कळ दाबत तळापर्यंत जाऊन परत फिरले असेल. नोंदवहीत या सगळ्यांची ओळ सारखीच दिसते. पत्र एकानेच लिहिले होते.

वाढीव मुदत संपेपर्यंत ती रोज नोंदवही पाहत राहिली. अपुऱ्या अर्जांपैकी आणखी दोन पूर्ण होऊन आले. ते का अडले होते, हे तिने विचारले नाही. माउस मात्र तिने अजून परत जोडलेला नाही. नवे पान तयार झाले की पहिली फेरी ती कळफलकानेच मारते.